उडी मारलेला माणूस पाण्यात पडतच नाही

"मॅडम, पण तो पाण्यात पडला कधी?"

फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी बिल व्हायोला या अमेरिकन कलावंताची 'द रिफ्लेक्टिंग पूल' ही सात मिनिटांची व्हिडिओ कलाकृती दाखवली होती. दिवे लागले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने तक्रारीच्या सुरात हा प्रश्न केला. सात मिनिटं ती ज्याची वाट पाहत बसली होती, ते तिच्या डोळ्यांसमोर घडलंच नव्हतं. त्या तक्रारीतून पुढे तिचे आजवरचे सगळ्यात चांगले फोटो निघाले. ते कसे निघाले हे सांगायचं तर हलत्या चित्रात उत्कंठा तयार कशी होते ते आधी सांगायला हवं, आणि त्यासाठी सुरुवात स्वयंपाकघरातून केलेली बरी.

दूध तापत ठेवलंय आणि तुम्ही ओट्यापाशी उभे आहात. बराच वेळ काहीच होत नाही. मग पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे जमतात, साय आक्रसते, तिला सुरकुत्या पडतात, आणि एका क्षणी खालून कुणी फुंकर घातल्यासारखी ती वर यायला लागते. आता तुमची नजर तिथून हलत नाही. दूध वर येणार हे माहीत आहे. काठाला कधी टेकेल आणि तोवर आपला हात गॅसच्या बटणापर्यंत पोचेल का, एवढंच माहीत नाही.

उत्कंठा ही अशी असते. पुष्कळ जण तिची रहस्याशी गल्लत करतात. रहस्यात आपल्यापासून काहीतरी लपवलेलं असतं. उत्कंठेत बहुतेक सगळं समोर मांडलेलं असतं, फक्त ते अजून व्हायचं असतं. आपण म्हणतो 'जीव टांगणीला लागला'. इंग्रजीतल्या 'सस्पेन्स' या शब्दाच्या मुळाशीही टांगणंच आहे. थरारपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हा फरक फार छान उलगडलाय. टेबलापाशी दोघं गप्पा मारतायत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक नसेल तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंद दचकणं त्याच्या वाट्याला येतं. ठाऊक असेल तर त्याच फुटकळ गप्पा तो पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकतो.

पण हिचकॉककडे गोष्ट होती, नट होते, बॉम्ब होता. व्हिडिओ आर्टमध्ये बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. नायक नाही, खलनायक नाही, पुष्कळदा संवादही नाहीत. मग माणसाला जागेवर खिळवून ठेवायचं कशाच्या जोरावर? वेळेच्या.

यामागे एक यंत्र आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोनीचा पोर्टापॅक बाजारात आला. हातात धरायचा कॅमेरा आणि खांद्याला अडकवायचा टेप रेकॉर्डर. सिनेमाची फिल्म महाग असायची, ती धुवायला द्यावी लागायची, आणि छोट्या कॅमेऱ्यातलं रीळ काही मिनिटांत संपायचं. व्हिडिओची टेप २०-३० मिनिटं सलग चालायची, लगेच बघता यायची, पुसून परत वापरता यायची. एकट्या कलावंताला स्टुडिओत कॅमेरा लावून अर्धा तास एकच कृती करत राहणं परवडायला लागलं. शिल्पकाराला जशी माती, तसा या लोकांना वेळ मिळाला. तो ताणून, थांबवून, कापून बघता येऊ लागला.

आता व्हायोलाकडे येऊ. 'द रिफ्लेक्टिंग पूल' त्याने १९७७ ते १९७९ या काळात केलं. कॅमेरा पूर्णवेळ एकाच जागी आहे. चौकटीच्या खालच्या भागात पाण्याने भरलेला हौद, वरच्या भागात दाट झाडी. झाडीतून एक माणूस येतो, तो व्हायोला स्वतःच. हौदाच्या काठावर येऊन उभा राहतो. बराच वेळ नुसता उभा. त्याचं प्रतिबिंब पाण्यात. मग एकदम ओरडून तो उडी घेतो, गुडघे पोटाशी ओढतो, आणि हवेतच थिजतो.

इथे साधा दिग्दर्शक संपूर्ण चित्र थांबवेल. व्हायोला तसं करत नाही. माणूस वर लटकलेला आहे, खाली पाणी मात्र चालूच आहे. त्यावर प्रकाश बदलतो. कुणी पडलेलं नसताना तरंग उठतात. पाण्यात काठावरून चालणाऱ्या माणसांची प्रतिबिंबं सरकतात, आणि वर काठाकडे पाहावं तर तिथे कुणी नाही. हे बघता बघता तो हवेतला माणूस झाडीत विरत जातो. नेमका कधी विरला ते कुणालाच सांगता येत नाही. मी वर्गात दरवर्षी विचारते, दरवर्षी वेगवेगळी उत्तरं येतात. शेवटी हौदातून एक उघडा माणूस बाहेर पडतो आणि पाठ फिरवून झाडीत निघून जातो. म्हणजे तो पाण्यात गेला होता. कधी गेला, ते आपल्याला दाखवलंच नाही.

हे केलं कसं? कॅमेरा तसूभरही न हलवता वेगवेगळ्या वेळी चित्रण करायचं आणि मग एका चित्रणातला वरचा भाग, दुसऱ्यातला खालचा भाग असे एकाच चौकटीत जोडायचे. आज फोनवरही जमेल. त्या काळच्या यंत्रांवर हे किचकट काम होतं. एका चौकटीत दोन काळ शेजारी शेजारी नांदतात, आणि नजर त्यांच्यात ये-जा करत राहते.

माझ्या मते या सात मिनिटांत उत्कंठेचे तिन्ही घटक दिसतात. पहिला, वचन: काठावर उभा राहिलेला माणूस उडी मारणार. दुसरा, दिरंगाई: तो मारतो, पण पोचत नाही. हे दोन सगळ्यांना चटकन कळतात. तिसरा निसटतो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. काहीतरी थांबलंय हे जाणवायला शेजारी काहीतरी चालू असावं लागतं. सगळंच थिजलं असतं तर आपण 'फोटो आहे' म्हणून सैलावलो असतो. पाणी हलत राहतं, म्हणून तो माणूस असह्य वाटेपर्यंत लटकलेला राहतो.

व्हायोलाच्या पाण्याच्या ओढीमागे त्याने स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलेली एक आठवण आहे. सहा वर्षांचा असताना तो तळ्यात पडला, बुडता बुडता वाचला, आणि त्याच्या लक्षात भीतीपेक्षा पाण्याखालचं सुंदर जगच राहिलं. २०२४ च्या जुलैमध्ये तो गेला. त्याच्या कामांतलं पाणी दर वेळी का बोलावतं, हे मला ती आठवण वाचल्यावर कळलं.

वेळ ताणण्याचं दुसरं प्रसिद्ध उदाहरण ग्लासगोच्या डग्लस गॉर्डनचं. १९९३ मध्ये त्याने हिचकॉकचाच 'सायको' घेतला आणि तो इतका संथ केला की १०९ मिनिटांचा सिनेमा पुरे २४ तास चालावा. आवाज काढून टाकला. सेकंदाला २४ ऐवजी जेमतेम २ चौकटी पडद्यावर येतात, म्हणजे प्रत्येक चित्र जवळजवळ अर्धा सेकंद समोर राहतं. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगात काय होणार हे माहीत नसलेला प्रेक्षक विरळा. तरीही न्हाणीच्या पडद्याकडे जाणारा हात तिथे पोचायला इतका वेळ घेतो की पोटात गोळा येतो. माहीत असल्याने उत्कंठा कमी होत नाही, याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नसेल. फोटो काढणाऱ्यांनी तर हे काम जरूर अभ्यासावं, कारण त्यात सिनेमा वितळून त्याचे सुटे फोटो होतात.

आकडेमोड करताना मला एक मजेशीर जुळणी सापडली. गॉर्डनने सिनेमा सुमारे तेरा पट लांबवला. व्हायोलाच्या १९९५ मधल्या 'द ग्रीटिंग'मध्ये ४५ सेकंदांची घटना दहा मिनिटं चालते, म्हणजे तीही सुमारे तेरा पट. दोन बायका बोलत उभ्या आहेत, तिसरी येते, एकीला मिठी मारून कानात काहीतरी सांगते. बस्स. मूळ कल्पना सोळाव्या शतकातल्या पोंतोर्मो या इटालियन चित्रकाराच्या चित्रातली. पण त्या संथपणात बाजूला पडलेल्या दुसरीचा चेहरा कसा बदलतो ते बघा. घरात दोघी जावा कुजबुजत असताना तिसरी दारात येते तेव्हा जे होतं, तेच. एरवी ते पापणी लवायच्या आत झाकलं जातं.

अमेरिकन कलावंत ब्रूस नॉमनने १९७० मध्ये उत्कंठा प्रेक्षकाच्या अंगावरच आणली. एक लांब, जेमतेम एक माणूस मावेल इतका अरुंद बोळ. टोकाला एकावर एक ठेवलेले दोन टीव्ही. एकावर रिकामा बोळ दिसतो. दुसऱ्यावर तुम्हीच दिसता, पण पाठमोरे, कारण कॅमेरा प्रवेशापाशी वर लावलाय. तुम्ही टीव्हीच्या जितके जवळ जाल तितके त्यात लहान होत जाता. कुणीही तुमचा पाठलाग करत नसताना मानेवर काटा येतो.

आपल्याकडच्या कलावंतांनीही या माध्यमात फार मोलाचं काम केलंय. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या नलिनी मलानी यांनी १९६९ मध्येच, चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत उभारलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये, चलचित्राचे प्रयोग केले. पुढे २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांनी रंगवलेले पारदर्शक नळकांडे छताखाली फिरते ठेवले आणि त्यांच्यातून चित्रफिती भिंतींवर सोडल्या. एक सावली भिंतीवरून जाते, आणि ती परत कधी येईल म्हणून आपण थांबून राहतो.

पण माझं सगळ्यात लाडकं काम रणबीर कालेका यांचं, १९९८-९९ मधलं. ईझलवर, म्हणजे चित्र ठेवायच्या घोडीवर, एक रंगवलेलं चित्र: सुईत दोरा ओवणारा माणूस. त्या चित्रावरच त्याच माणसाची चित्रफीत प्रोजेक्टरने सोडलेली. रंग जागच्या जागी आहेत, त्यांच्यावरचा प्रकाश श्वास घेतोय. सुईचं नेढं, ताणलेला दोरा, रोखलेली नजर. घरात आजीला दोरा ओवताना पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की त्या वेळी शेजारचाही श्वास धरतो. व्हायोलाकडे जी जोडी आहे तीच इथे: एक थांबलेलं, एक चालू. शिवाय चित्रफीत फिरून फिरून चालते. गॅलरीत तुम्ही मधेच शिरता, त्यामुळे 'शेवटी काय झालं' हा प्रश्नच मोडीत निघतो. उरतं ते ओवणं.

आता अडचण अशी की फोटोत वेळ नसतो. ताणायला काही नाही, थांबवायला काही नाही, सगळं आधीच थांबलेलं. मग व्हिडिओकडून फोटोवाल्याने घ्यायचं काय?

फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ मधला पॅरिसचा फोटो आठवा, साँ-लाझार स्टेशनच्या मागचा. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला टेकायला जेमतेम बोटभर अंतर. या फोटोचं कौतुक नेहमी 'अचूक क्षण' म्हणून होतं. मला त्यातलं दुसरंच काही जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या आडव्या शिडीवरून तो निघाला, तिच्यापाशी पाण्यावर अजून तरंग आहेत. म्हणजे आत्ताच काहीतरी झालंय. पुढे आरशासारखं निवांत पाणी आहे, जे आता फुटणार. झालेलं आणि होणारं, दोन्ही एकाच चौकटीत. व्हायोलाच्या हौदासारखा इथेही दोन काळांचा संसार आहे, फक्त जोडकाम न करता मिळालेला. त्या उडीला आज नव्वदहून जास्त वर्षं झाली, तो माणूस अजून टेकलेला नाही.

फोटोत 'चालू' असलेली गोष्ट म्हणजे वेळेची खूण. तरंग, वाफ, ओली पावलं, अर्धी जळालेली उदबत्ती, अजून हलणारा झोपाळा. ही खूण असली की बघणाऱ्याच्या डोक्यात पुढचा क्षण आपोआप चालू होतो. दुसरा मार्ग फोटोंच्या मालिकेचा. अमेरिकन फोटोग्राफर डुएन मायकल्सने १९७० मध्ये सहा फोटोंत एका गल्लीतली अनोळखी दोघांची गाठ दाखवली: समोरासमोर येणं, ओलांडणं, वळून पाहणं. काहीही घडत नाही. दोन फोटोंच्या मधल्या कोऱ्या जागेत मात्र आपण जीव मुठीत धरून असतो.

आता त्या मुलीकडे. 'काहीतरी घडणार आहे' हा विषय मी सत्राच्या सुरुवातीला दिला होता, आणि तिने आणलेले पहिले फोटो बहुतेक सगळे आणतात तसेच होते. अंधारा जिना, हनुवटीखालून टॉर्च मारलेला चेहरा, पडद्याआडून आलेला हात. मेहनत घेतली होती, पण फोटोंत काही उरलं नव्हतं, कारण भीती आधीच सांगून टाकलेली. दूध उतू गेल्यानंतरचा ओटा होता तो.

तिची व्हायोलावरची तक्रार ऐकून मी तिला एकच काम दिलं. परत बघ, आणि उडीनंतर जे जे हलतंय त्याची यादी कर. दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. अर्धं पान भरलं होतं. खाली रेघ मारून तिने लिहिलं होतं: 'माणूस सोडून सगळं.'

मे महिन्याच्या सुट्टीत ती साताऱ्याकडे आजोळी गेली. तिथली विहीर दगडी बांधणीची, पायऱ्या असलेली, आणि उन्हाळ्यात गावची पोरं दिवसभर तिच्यात सूर मारणारी. पहिल्या दिवशी तिने दीडेकशे फोटो काढले, सगळे उड्यांचे, शटर एक हजारांश सेकंदावर. हवेतली पोरं झक्क दिसत होती. पण तिने मला फोनवर सांगितलं, "मॅडम, जीव टांगणीला लागतच नाहीये. हे सगळे पट्टीचे पोहणारे आहेत."

खरंच होतं ते. वचन पुरं होणार याची खात्री असली की कुणी ताटकळत नाही.

काठावर तिचा नऊ वर्षांचा मामेभाऊ होता. पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधलेला, कमरेला दोर, दोराचं टोक मामांच्या हातात. तीन दिवस तो काठापर्यंत येऊन मागे जात होता. घरच्यांना विचारून, त्यालाही विचारून, तिने कॅमेरा त्याच्याकडे वळवला. आणि त्याच्या तोंडाकडे न नेता खाली नेला. दगडाच्या कडेला पायाची बोटं आवळलेली. बोटांच्या मागे आधीच्या पोरांची ओली पावलं, उन्हाने कडेकडेने सुकत चाललेली. हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ त्यावरून पुढे गेले नाही. त्याच्या मागे किती जण होऊन गेले, आणि तो किती वेळ उभा आहे, हे दोन्ही त्या सुकणाऱ्या पावलांत होतं.

मग तिला विहिरीच्या पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब हवं होतं. तिथे ती दोन दिवस अडकली. पाण्यावर फोकस करायची तर तरंग स्पष्ट यायचे आणि मुलगा धूसर. कॅमेरा बिघडलाय असं तिला वाटलं. इथे प्रकाशाचा एक साधा नियम आहे, जो फोटो काढणाऱ्या भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठावर नसतं. पाणी सहा मीटर खाली असेल आणि मुलगा पाण्यापासून सहा मीटर वर असेल, तर त्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्यासाठी बारा मीटरहून थोडं जास्तच लांब असतं. तिने फोकस प्रतिबिंबावर धरला आणि लेन्सचं छिद्र एफ २.८ वरून एफ ११ पर्यंत बारीक केलं, म्हणजे तरंगही स्पष्ट राहतील. उजेड कमी पडला म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढवला. फोटोला दाणे आले, ते तसेच ठेवले. चित्र असं मिळालं: विहिरीच्या काळ्या पाण्यात आभाळाचा एक गोल तुकडा, त्याच्या कडेला उभी एक छोटी काळी आकृती, आणि आधीच्या कुणाच्या तरी उडीचे तरंग तिच्या पायांपर्यंत आलेले.

मालिकेत पाच फोटो आहेत. कॅनची गाठ बांधणारे मामांचे हात, पायाची बोटं, सैल पडलेला दोर, काठावर पालथ्या पडलेल्या चपला, आणि शेवटी ते पाणी. क्रमावरून वर्गात बराच वाद झाला. काहींचं म्हणणं होतं की दोर शेवटी हवा, कारण तो ताणला जाण्याची वाट पाहिली जाईल. ती ऐकेना. दोर मामांचा आहे, पाणी त्याचं आहे, असं म्हणाली, आणि मला ते पटलं.

सहावा फोटोही होता. मान वर काढलेली, नाकातोंडात पाणी गेलेलं, डोळे मिटून खदखदा हसणारा तोच मुलगा. सुंदर फोटो आहे. तिने तो मालिकेतून काढला, त्याची मोठी प्रिंट केली आणि मामींना दिली. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर तो लावलाय, दूध तापवताना समोर दिसेल असा.